वायरलेसचं प्रमाणपत्र: आधी काम ठरवा, मग परीक्षा

निकाल लागले की इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉमच्या, म्हणजे कॉलेजच्या बोलीत ‘ईएनटीसी’च्या मुलांचे आणि तितकेच त्यांच्या पालकांचे फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेला असतो: “सर, फाइव्ह-जीचं कुठलं सर्टिफिकेट केलं म्हणजे नोकरी लागेल?” मी उलट विचारतो, काम कुठलं करायचंय? तिथे बहुतेकांची गाडी अडते. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाइव्ह-जी सेवा सुरू झाली आणि त्यानंतर प्रशिक्षणाच्या जाहिरातींचं पेवच फुटलं. त्या गर्दीत पैसे भरण्याआधी काय पाहावं, यासाठी हा लेख.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. डॉक्टरला वैद्यक परिषदेची नोंदणी लागते, वकिलाला सनद लागते. आपल्याकडे वायरलेस इंजिनिअरला नोकरी करण्यासाठी असा कोणताही कायदेशीर परवाना लागत नाही. त्यामुळे बाजारात दिसणारं प्रत्येक प्रमाणपत्र ऐच्छिक आहे आणि त्याचं वजन नोकरी देणारा ठरवतो. वाय-फायच्या जगात मानाचं समजलं जाणारं प्रमाणपत्र मोबाइल नेटवर्कच्या कंपनीत कुणी ऐकलेलंही नसतं. म्हणून काम आधी ठरवायचं.

कामाचे ढोबळमानाने चार रस्ते आहेत. पहिला मोबाइल नेटवर्कच्या फील्डचा: साइट सर्व्हे, ड्राइव्ह टेस्ट, आरएफ प्लॅनिंग, ऑप्टिमायझेशन. दुसरा कंपन्या, रुग्णालयं, गोदामं, हॉटेलं यांच्या वाय-फायचा. तिसरा प्रोटोकॉल आणि सॉफ्टवेअरचा. पुण्या-बेंगळुरूत बसून बेस स्टेशनचा किंवा कोअर नेटवर्कचा कोड लिहायचा नाहीतर तपासायचा. चौथा हार्डवेअर आणि चाचणीचा: अँटेना, आरएफ सर्किट, ईएमआय-ईएमसी प्रयोगशाळा. या चारही रस्त्यांची प्रमाणपत्रं वेगळी आहेत, पण पाया एकच आहे. आणि तो पायाच बहुतेकांचा कच्चा असतो, हे मुलाखती घेताना मला वारंवार दिसतं.

मी नवख्या उमेदवाराला एक साधा प्रश्न विचारतो. वीस वॅट म्हणजे किती डीबीएम? उत्तर त्रेचाळीस. ते बऱ्याच जणांना येतं. मग पुढचा प्रश्न: त्रेचाळीस डीबीएमचे दोन सिग्नल एकत्र केले तर किती? इथे निम्मे लोक शहाऐंशी म्हणतात. उत्तर सेहेचाळीस आहे, कारण शक्ती दुप्पट झाली म्हणजे तीन डीबी वाढले. त्यानंतर मी वीस मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनलचा नॉइज फ्लोअर काढायला सांगतो. एका हर्ट्झला उणे १७४ डीबीएम, त्यात वीस मेगाहर्ट्झचे ७३ डीबी मिळवले की उणे १०१. कागदावर दोन ओळींचा हिशेब आहे. शेवटी विचारतो, ७०० मेगाहर्ट्झ आणि ३५०० मेगाहर्ट्झ यांच्यात मोकळ्या जागेत तेवढ्याच अंतरावर घट किती जास्त? वारंवारता पाचपट, म्हणजे दोन्हीकडे सारख्याच गेनचे अँटेना धरले तर घट पंचवीसपट, म्हणजेच जवळपास १४ डीबी. हे ज्याला तोंडी सांगता येतं, त्याला खेड्यात ७०० मेगाहर्ट्झ का लागतो आणि शहरात ३५०० वर इतक्या जवळजवळ साइट का लावाव्या लागतात, हे वेगळं शिकवावं लागत नाही. वीस-तीस हजारांचा कोर्स करून आलेली मुलं याच चार प्रश्नांत गळतात, तेव्हा वाईट वाटतं.

हा पाया भरायला फार पैसे लागत नाहीत. आयआयटी आणि आयआयएस्सी यांचा एनपीटेल हा उपक्रम त्यासाठी मला सर्वांत भरवशाचा वाटतो. आयआयटी मद्रासचे प्रा. आर. डेव्हिड कोइलपिल्लई यांचा वायरलेस आणि सेल्युलर कम्युनिकेशनची ओळख करून देणारा अभ्यासक्रम आणि आयआयटी कानपूरचे प्रा. आदित्य जगन्नाथम यांचे सीडीएमए, मायमो, ओएफडीएमवरचे अभ्यासक्रम जरूर पाहा. नोंदणी मोफत असते. प्रमाणपत्र हवं असेल तर एक हजार रुपये भरून परीक्षा केंद्रावर जाऊन पर्यवेक्षकांसमोर परीक्षा द्यावी लागते. अंतिम गुणांत आठवड्याच्या गृहपाठांना २५ टक्के आणि या परीक्षेला ७५ टक्के वजन असतं. घरबसल्या व्हिडिओ पळवून मिळणाऱ्या प्रमाणपत्रांपेक्षा याची किंमत जास्त का, ते यातच आलं. व्याख्यानं मात्र ऐकून सोडू नका. प्रत्येक गणित वहीत सोडवा.

आपल्याला काय येत नाही हे तपासायला एक चांगला नकाशाही उपलब्ध आहे. आयईईईच्या कम्युनिकेशन्स सोसायटीने २००८ मध्ये वायरलेस इंजिनिअरांसाठी एक परीक्षा सुरू केली आणि तिच्या जोडीला ‘वायरलेस इंजिनिअरिंग बॉडी ऑफ नॉलेज’ नावाचा मार्गदर्शक ग्रंथ काढला. त्याची दुसरी आवृत्ती २०१२ची आहे, त्यामुळे त्यात फाइव्ह-जी शोधू नका. पण त्यातली सात भागांची आखणी आजही उपयोगी आहे: आरएफ, प्रसारण आणि अँटेना; अ‍ॅक्सेस तंत्रज्ञान; नेटवर्क आणि सेवांची रचना; नेटवर्कचं व्यवस्थापन आणि सुरक्षा; साइटवरच्या सोयीसुविधा; करार, मानकं आणि नियम; आणि मूलभूत ज्ञान. आपली कॉलेजं यातल्या दोन-तीन भागांवरच सगळी वर्षं खर्च करतात. साइटची वीज, बॅटरी, अर्थिंग, विजेपासून संरक्षण किंवा स्पेक्ट्रमचे नियम यांवर मुलांना एक वाक्य बोलता येत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षात नेमकं तेच समोर येतं. सातही शीर्षकांखाली आपल्याला काय सांगता येतं ते लिहून काढा. रिकामी राहिलेली पानं हाच तुमचा अभ्यासक्रम.

आता फील्डचं काम. या रस्त्यावर प्रमाणपत्रापेक्षा हाताची सवय जास्त बघितली जाते, आणि मला ते योग्य वाटतं. पावसाळ्यात कोकणातल्या एखाद्या साइटवरून व्हीएसडब्ल्यूआरचा अलार्म येतो. रेडिओ युनिटपासून अँटेनापर्यंतच्या जंपरच्या कनेक्टरला टेप नीट गुंडाळलेली नसते, पाणी शिरतं, आणि पाठवलेली शक्ती परत फिरू लागते. व्हीएसडब्ल्यूआर दीड असेल तर चार टक्के शक्ती परत येते, दोन झाला तर अकरा टक्के. अ‍ॅनालायझर लावून दोष किती मीटरवर आहे हे पाहायचं, तो कनेक्टर उघडायचा, सुकवायचा नाहीतर बदलायचा, ठरावीक टॉर्कने आवळायचा आणि टेप खालून वर गुंडाळत न्यायची, म्हणजे वरून येणारं पाणी थरांवरून ओघळून जातं. अँटेना आणि रेडिओ एकाच पेटीत असलेल्या मॅसिव्ह मायमोच्या युनिटला असा जंपरच नसतो, तिथे दोष शोधायची पद्धत निराळी. हे सगळं एखाद्या साइटवर अनुभवी माणसाबरोबर दोन दिवस उभं राहून जितकं समजतं, तितकं वर्गात समजत नाही. त्यासाठी केंद्र सरकारच्या शिकाऊ उमेदवार योजनेतून, म्हणजे नॅट्समधून, अप्रेंटिसशिप मिळते का ते पाहा. पश्चिम विभागाचं अप्रेंटिसशिप मंडळ मुंबईतच आहे. बीएसएनएलची प्रशिक्षण केंद्रंही विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी प्रशिक्षण घेतात. १९७५ पासून चालत आलेलं गाझियाबादचं एएलटीटीसी आणि जबलपूरची भारतरत्न भीमराव आंबेडकर दूरसंचार प्रशिक्षण संस्था ही त्यांतली मोठी नावं.

फील्डवर जाणाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण मात्र मी ऐच्छिक मानत नाही, आणि ते म्हणजे उंचीवर काम करण्याचं. चाळीस मीटरच्या टॉवरवर पूर्ण अंगाचा हार्नेस आणि दोन हुकांची दोरी असल्याशिवाय चढायचं नाही, आणि दोन्ही हुक एकाच वेळी कधीच सोडायचे नाहीत. चालू अँटेनाच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही. तिथे काम असेल तर ते सेक्टर आधी बंद करून घ्यायचं. आपल्या देशात मोबाइल टॉवरच्या प्रारणाची लोकवस्तीसाठीची मर्यादा सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी कडक केलेली आहे, पण अँटेनापासून हातभर अंतरावर काम करणाऱ्याला तिचा आधार नाही. कंत्राटदार ‘पाच मिनिटांचं काम आहे, जा वर’ म्हणाला, तरी प्रशिक्षण आणि साहित्य मिळेपर्यंत नकार द्या. ही नोकरी गेली तरी दुसरी मिळेल.

वाय-फायचा रस्ता धरणाऱ्यांसाठी चित्र बरंच स्पष्ट आहे. सीडब्ल्यूएनपी या संस्थेची प्रमाणपत्रं कोणत्याही एका कंपनीच्या उपकरणांशी बांधलेली नाहीत. सुरुवात सीडब्ल्यूएनएपासून होते: साठ प्रश्न, नव्वद मिनिटं, उत्तीर्ण होण्यासाठी सत्तर टक्के. त्यापुढे सुरक्षा, डिझाइन आणि विश्लेषण अशा वेगळ्या परीक्षा आहेत, आणि सर्वांत वरच्या सीडब्ल्यूएनईसाठी नुसत्या परीक्षा पुरत नाहीत. प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि तुम्हाला ओळखणाऱ्या व्यावसायिकांच्या शिफारशी द्याव्या लागतात. सीडब्ल्यूएनए तीन वर्षं टिकतं, मग नूतनीकरण. फी डॉलरमध्ये असते आणि रुपयांत ती पाच आकडी होते, म्हणून घाई करू नका. सिस्कोची सीसीएनए ही मुळात नेटवर्किंगची परीक्षा आहे, तिचं प्रमाणपत्रही तीन वर्षं टिकतं. राउटर-स्विचचं काही येत नसेल तर आधी तिचा अभ्यास करा, कारण वाय-फायच्या निम्म्या तक्रारी अखेर केबल, डीएचसीपी आणि व्हीलॅनमध्ये निघतात.

या परीक्षांचा अभ्यास प्रामाणिकपणे केला तर लगेच कामाला येतो. भिवंडीच्या किंवा चाकणच्या एखाद्या गोदामात स्कॅनरचं कनेक्शन सारखं तुटतं अशी तक्रार असते. आधीच्या माणसाने उपाय म्हणून प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंटची शक्ती पूर्ण वाढवून ठेवलेली असते. स्कॅनरच्या पडद्यावर सिग्नलच्या सगळ्या दांड्या दिसतात, कारण छतावरच्या पॉइंटचं प्रसारण त्याच्यापर्यंत पोचतं. पण स्कॅनरची स्वतःची शक्ती कमी, त्याचं उत्तर लोखंडी रॅकमधून परत पोचत नाही. शिवाय शेजारचे पॉइंट एकाच चॅनलवर एकमेकांना अडवत बसतात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. इथे शक्ती कमी करायची, चॅनल नव्याने आखायचे आणि रॅक मालाने भरलेले असताना पुन्हा सर्व्हे करायचा. रिकाम्या गोदामात केलेला सर्व्हे कामाचा नाही.

तिसऱ्या रस्त्याला, म्हणजे प्रोटोकॉलला, माझ्या मते सर्वांत कमी खर्च येतो आणि मेहनत सर्वांत जास्त लागते. मोबाइल नेटवर्कची सगळी मानकं थ्रीजीपीपी ही संस्था मोफत उपलब्ध करून देते. फाइव्ह-जी रेडिओचा एकूण आढावा टीएस ३८.३०० मध्ये आहे, आरआरसीचे संदेश ३८.३३१ मध्ये, आणि फोन व कोअर यांच्यातला संवाद २४.५०१ मध्ये. पहिल्यांदा उघडाल तेव्हा काही कळणार नाही, ३८.३०० पासून सुरू करा आणि आकृत्यांवरून पुढे चला. सोबत एक लॅपटॉप लिनक्सवर आणा. ओपनफाइव्हजीएस हे कोअर नेटवर्क आणि एसआरएसरॅन हे बेस स्टेशनचं सॉफ्टवेअर, दोन्ही मोफत आहेत. एसआरएसरॅनमध्ये खऱ्या रेडिओऐवजी सॉफ्टवेअरमधूनच जोडणारा आभासी रेडिओ वापरता येतो, त्यामुळे हवेत काहीही न सोडता एका लॅपटॉपवर फोन, बेस स्टेशन आणि कोअर उभं राहतं. वायरशार्क सुरू ठेवा आणि नोंदणीची विनंती, ओळख पटवणं, सुरक्षेचा संदेश, नोंदणी मान्य, पीडीयू सेशन, असा प्रवास संदेशागणिक बघा.

मग मुद्दाम बिघडवा. कोअरमधल्या ग्राहकाच्या नोंदीत गुप्त किल्लीचा एक आकडा बदला आणि पुन्हा जोडून पाहा. नेटवर्क आव्हान पाठवतं, फोन ते आपल्या किल्लीने पडताळतो, जुळत नाही, आणि तो ‘मॅक फेल्युअर’ असं कारण देऊन नकार पाठवतो. हे कारण २४.५०१ मध्ये कुठे लिहिलंय ते शोधून काढा. असे दहा बिघाड स्वतः घडवून, लॉगसकट लिहून ठेवलेली वही मुलाखतीला घेऊन या. ती वही पाहिल्यावर मी प्रमाणपत्राची फाइल उघडायला सांगत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या शैक्षणिक संस्थांमध्ये शंभर फाइव्ह-जी प्रयोगशाळा दिल्या. तुमच्या किंवा शेजारच्या कॉलेजात त्यांतली एखादी आहे का, याची चौकशी करा आणि कुलूप लागलेलं असेल तर प्राध्यापकांच्या मागे लागा.

नोकिया, एरिक्सन, क्वालकॉम यांसारख्या कंपन्यांचीही प्रशिक्षणं आणि प्रमाणपत्रं आहेत. दर्जा चांगला असतो, पण त्यातलं बरंचसं त्या-त्या कंपनीच्या उपकरणांभोवती फिरतं. ती नोकरी लागल्यावर, कंपनीच्या खर्चाने करावीत. नवख्याने स्वतःच्या खिशातून त्यांच्या मागे धावू नये.

हार्डवेअर आणि चाचणीकडे मुलं फार कमी वळतात, याची मला खंत आहे. देशात विकायच्या दूरसंचार उपकरणांना टीईसीकडून, म्हणजे दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राकडून, चाचणी आणि प्रमाणन सक्तीचं होत गेलं आहे, त्यामुळे चाचणी प्रयोगशाळांना माणसं लागतात. मुंबईत पवईच्या आयआयटीच्या आवारात १९८४ पासून असलेली ‘समीर’ ही संस्था मायक्रोवेव्ह आणि ईएमसीमधलं मोठं नाव आहे. तिच्या अल्पमुदतीच्या प्रशिक्षणांवर आणि प्रकल्पांच्या संधींवर लक्ष ठेवा.

आणि चारही रस्त्यांवर उपयोगी पडणारी एक परीक्षा आहे, जी जवळपास कुणी सुचवत नाही: हौशी रेडिओची, म्हणजे हॅमची. दूरसंचार विभागाची ही परीक्षा वयाची बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही देता येते. मूलभूत इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम यांवर प्रश्न असतात. वरच्या श्रेणीसाठी मोर्सही शिकावा लागतो. उत्तीर्ण होऊन परवाना घेतलात की व्हीयू-२ किंवा व्हीयू-३ ने सुरू होणारं स्वतःचं कॉल साइन मिळतं. व्यापारी कामाला ते चालत नाही, पण कायद्याने प्रसारण करण्याचा हक्क मिळतो, आणि हा हक्क एरवी कोणतीही पदवी देत नाही. १४५ मेगाहर्ट्झसाठी सुमारे ४९ सेंटिमीटरच्या दोन तारांचा डायपोल बांधा, एसडब्ल्यूआर मीटर लावा, तारा थोड्या थोड्या कापत काटा खाली येताना पाहा. पुस्तकातला अनुनाद तेव्हा हातात येतो. परवान्याशिवाय मात्र हवेत काहीही प्रसारित करू नका. कॉलेजच्या प्रकल्पातसुद्धा अँटेनाऐवजी केबल आणि अ‍ॅटेन्युएटर वापरा.

आता खासगी क्लासेसबद्दल. त्यांत चांगलेही आहेत, पण पैसे भरण्याआधी काही गोष्टी विचारल्याच पाहिजेत. शिकवणाऱ्याने नेटवर्कवर स्वतः किती वर्षं काम केलंय? प्रयोगशाळेत कुठली उपकरणं आहेत, आणि ती माझ्या हातात किती तास मिळतील? प्रमाणपत्र कोण देणार, हा क्लास की बाहेरची परीक्षा घेणारी संस्था? ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणत असतील तर मागच्या तुकडीतल्या तिघांशी माझं बोलणं करून द्या, म्हणा. नोकरीच्या बदल्यात अनामत रक्कम मागणारा दिसला की तिथून उठा. आणि ज्या परीक्षेची तयारी करून देतो म्हणतात, ती परीक्षा आज घेतली जाते का आणि तिचा सध्याचा सांकेतिक क्रमांक कोणता, हे मूळ संस्थेकडेच तपासा. या क्षेत्रात परीक्षा बदलतात, बंदही होतात, आणि जुन्या आवृत्तीच्या नोट्स विकणारे तसेच राहतात. परीक्षेतले जसेच्या तसे प्रश्न देतो म्हणणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. पकडले गेलात तर प्रमाणपत्र रद्द होतं, नाही पकडले गेलात तर मुलाखतीत उघडं पडता.

परदेशी जाणाऱ्यांना एक सूचना. अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ पासून पूर्ण सदस्य आहे, पण त्याचा लाभ एनबीएच्या, म्हणजे राष्ट्रीय मान्यता मंडळाच्या, ठरावीक श्रेणीची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमांनाच मिळतो. आपला अभ्यासक्रम त्यात येतो का, हे कॉलेजातून लेखी घ्या. कॅनडासारख्या देशात ‘इंजिनिअर’ ही पदवी नावापुढे लावायलाही प्रांताच्या संस्थेचा परवाना लागतो. तिथे वर सांगितलेलं कुठलंही प्रमाणपत्र त्या परवान्याची जागा घेत नाही.

पदविकाधारकांनी स्वतःला मागे समजू नये. फील्ड आणि वाय-फाय या दोन्ही रस्त्यांवर पदवी नसलेली, पण हाताने पक्की असलेली माणसं मी मोठ्या जबाबदाऱ्या सांभाळताना पाहिली आहेत. त्यांनी सुरुवात सीसीएनएच्या अभ्यासाने किंवा अप्रेंटिसशिपने करावी आणि गणिताला घाबरून डीबीचा हिशेब टाळू नये.

एनपीटेलची सत्रं वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये सुरू होतात. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. येत्या सत्रात एक अभ्यासक्रम निवडा, गृहपाठ एकही चुकवू नका, आणि मोठी फी कुठे भरायची हा निर्णय त्याची परीक्षा देऊन झाल्यावरच घ्या.